नभोवाणी-श्रवणाचा एक दिवस

ब्रिटनमधील गृहस्थाला १९४८ च्या सुमारास रेडिओ-श्रवणाचा एक संपूर्ण दिवस आयता मिळत असे. प्रातःकाळच्या बातम्यांपासून मध्यरात्रीच्या वाद्यसंगीतापर्यंत सर्व काही ठरलेले, छापलेले आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत असे. कोल्हापुरातील श्रोत्याची गोष्ट निराळी होती. त्याच्या नगरात प्रक्षेपण-केंद्र नव्हते, जिल्ह्यातही नव्हते. म्हणून तो आपला दिवस निरनिराळ्या देशांतून, निरनिराळ्या भाषांतून आणि निरनिराळ्या हेतूंनी येणाऱ्या आवाजांतून स्वतः जुळवीत असे. या दोन दिवसांची तुलना केली म्हणजे नभोवाणी हे साधन श्रोत्याला काय देते आणि त्याच्याकडून काय मागते, याचा उलगडा बराचसा होतो.

प्रथम ब्रिटनचा दिवस पाहावा. महायुद्ध संपल्यावर बी. बी. सी. या संस्थेने आपल्या कार्यक्रमांची तीन शाखांत वाटणी केली. युद्धकाळापासून चालत आलेली 'होम सर्व्हिस' ही पहिली. २९ जुलै १९४५ रोजी सुरू झालेला, करमणुकीला वाहिलेला 'लाइट प्रोग्रॅम' हा दुसरा. आणि २९ सप्टेंबर १९४६ पासून केवळ सायंकाळी चालणारा, अभिजात संगीत, नाटक व गंभीर व्याख्याने यांचा 'थर्ड प्रोग्रॅम' हा तिसरा. सकाळी बातम्या आणि हवामान, त्यानंतर गृहिणींच्या पसंतीच्या ध्वनिमुद्रिका, मग दैनंदिन प्रार्थना. साडेदहाच्या सुमारास 'म्यूझिक व्हाइल यू वर्क' हा कारखान्यांतील कामगारांसाठी १९४० मध्ये निघालेला कार्यक्रम लागे. हातांची गती मंदावू नये, हा त्याचा उघड हेतू होता. दिवसा शाळांसाठी पाठ होत. दुपारी दोन वाजता, १९४६ पासून, स्त्रियांचा तास असे. पाच वाजता मुलांचा कार्यक्रम, पावणेसातला डिक बार्टन या हेराची पंधरा मिनिटांची साहसकथा, आणि रात्री नऊ वाजता बिग बेन या घंटेचे ठोके व त्यांच्यामागून बातम्या. गुरुवारी टॉमी हँडली या विनोदी नटाचा कार्यक्रम असला, की सारे कुटुंब यंत्राभोवती गोळा होई. जानेवारी १९४९ मध्ये हँडली निवर्तला आणि दहा वर्षे चाललेला तो कार्यक्रम त्याच्याबरोबरच संपला.

या विविधतेमागे एक निश्चित विचार होता. संस्थेचा पहिला महासंचालक जॉन रीथ याची अशी धारणा होती की, श्रोत्याला केवळ तो मागेल तेवढेच देणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय. गाणे ऐकण्यासाठी बसलेल्या मनुष्याच्या कानी अकस्मात एखादे व्याख्यान पडावे, आणि व्याख्यानासाठी बसलेल्याला एखादी सुरावट भेटावी, यासाठी तो सर्व प्रकार एकाच माळेत ओवीत असे. पुढे विल्यम हेली हा महासंचालक झाला, तेव्हा त्याने तीन शाखांची कल्पना तीन पायऱ्यांसारखी मांडली. श्रोत्याने सुलभ करमणुकीकडून हळूहळू वरच्या पायरीकडे यावे, अशी त्याची अपेक्षा होती. ती किती सफल झाली, याविषयी मतभेद आहेत. वाटणी झाल्यावर ज्याला जे आवडे तेच तो ऐकू लागला आणि आकस्मिक भेटींचा योग कमी झाला, असा आक्षेप त्या काळीही घेतला गेला. ब्रिटनमध्ये त्या वेळी एक कोटीहून अधिक परवाने होते. म्हणजे बहुतेक प्रत्येक घरी यंत्र होते.

हिंदुस्थानातील स्थिती याच्या उलट होती. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचे केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती अवघी दीड किलोवॅट होती आणि त्याचा आवाज खात्रीने सुमारे तीस मैलांपर्यंतच पोहोचे. परवान्याचे शुल्क वर्षाला दहा रुपये होते. ते चालविणारी खाजगी कंपनी तीन वर्षांच्या आतच, १९३० मध्ये, बुडाली आणि सरकारला तो व्यवसाय हाती घ्यावा लागला. १९३६ च्या जूनमध्ये त्या खात्याला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. स्वातंत्र्य आले त्या वेळी भारताच्या वाट्याला दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ ही सहा केंद्रे आली, आणि साऱ्या देशात परवान्यांची संख्या तीन लाखांनाही पोहोचली नव्हती. कोल्हापूर मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे एकशे ऐंशी मैल दूर आहे. तीस मैलांचा आवाज तेथे कसा यावा? तो येऊ लागला याचे श्रेय मनुष्याइतकेच आकाशालाही द्यावे लागते.

हे आकाशाचे कार्य थोडे समजावून घेणे अगत्याचे आहे. रेडिओच्या लहरी प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे एक लक्ष शहाऐंशी हजार मैल, प्रवास करतात आणि प्रकाशाप्रमाणेच सरळ रेषेत जाऊ पाहतात. पृथ्वी गोल असल्यामुळे त्या दूरच्या गावावरून निसटून अवकाशात नाहीशा व्हावयास हव्यात. परंतु १९०१ मध्ये मार्कोनीने अटलांटिक महासागरापलीकडे संदेश पाठविला, तेव्हा त्या वळतात हे स्पष्ट झाले. पुढील वर्षी केनेली आणि हेविसाइड या दोघा शास्त्रज्ञांनी, पृथ्वीभोवती उंच हवेत विद्युद्भारित कणांचा एक थर असला पाहिजे आणि तो आरशासारखा लहरी परतवीत असला पाहिजे, असा तर्क केला. १९२४ मध्ये एडवर्ड ॲपलटन याने बी. बी. सी.च्या बोर्नमथ येथील प्रक्षेपकाचा उपयोग करून त्या थराची उंची मोजली. या शोधमालेबद्दल त्याला १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनी याच विषयात मोलाचे संशोधन केले आणि १९४७ मध्ये त्यावर एक विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला.

हा आरसा दिवसा आणि रात्री सारखा नसतो. सूर्यप्रकाशात त्याच्या खालच्या भागात आणखी एक थर तयार होतो आणि तो मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा खालचा थर विरतो, आणि वरच्या थरावरून मध्यम लहरी परतून शेकडो मैल दूर उतरू लागतात. दिवसा मुके असलेले मुंबईचे मध्यम लहरींवरील केंद्र रात्री कोल्हापुरात बोलू लागे, त्याचे कारण हे होय. लघुलहरी मात्र दिवसाही खालचा थर भेदून वर जातात आणि तेथून परततात. जमीन आणि आकाश यांच्यामध्ये अशा उड्या घेत त्या खंडे ओलांडतात. म्हणून १९३८ च्या फेब्रुवारीत मुंबईस दहा किलोवॅट शक्तीचा लघुलहरींचा प्रक्षेपक बसला, तेव्हाच कोल्हापूरसारख्या नगराला दिवसाच्या श्रवणाचा खरा लाभ मिळाला. आवाजाची लाट मध्येच ओसरणे, पुन्हा भरून येणे, वळवाच्या दिवसांत विजेच्या कडकडाटाने सारे शब्द बुडून जाणे, हे त्या लाभाबरोबर स्वीकारावे लागे. घराच्या छपरावर दोन वाशांमध्ये ताणलेली तार, भिंतीतून आत आणलेले तिचे टोक, ओलसर जमिनीत पुरलेली दुसरी तार आणि जेथे वीज नाही तेथे जड बॅटरी, एवढ्या सामग्रीवर हा सारा संसार चाले.

आता कोल्हापूरचा दिवस. सकाळी काटा मुंबईवर असे. मंगलवाद्य, भक्तिगीते, मराठी बातम्या आणि शास्त्रीय गायन असा त्याचा क्रम असे. या गायनाचे कोल्हापूरकरांना अप्रूप वाटावे आणि खंतही वाटावी, अशी दोन्ही कारणे होती. शाहू छत्रपतींच्या दरबारातील गायक अल्लादियाखाँ यांचे गाणे याच नगराने वर्षानुवर्षे समोर बसून ऐकले होते. खाँसाहेब १९४६ मध्ये मुंबईस निवर्तले आणि त्यांच्या आवाजाची ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. ज्या साधनाने दूरचा आवाज घरात आणला, त्याला हा घरचा आवाज जतन करता आला नाही. दुसरी गोष्ट हार्मोनियमची. या वाद्याचे ठरलेले स्वर हिंदुस्थानी संगीतातील श्रुतींशी जुळत नाहीत, असा पक्ष मान्य करून ऑल इंडिया रेडिओने १ मार्च १९४० पासून ते वाद्य आपल्या केंद्रांवर बंद केले. मराठी नाट्यसंगीत ऑर्गन आणि हार्मोनियम यांच्या साथीने वाढलेले. त्या वाद्याचे महाराष्ट्रातील थोर वादक गोविंदराव टेंबे हे कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावचे. कोल्हापुरात प्रभात कंपनीने निर्मिलेल्या 'अयोध्येचा राजा' या १९३२ च्या बोलपटाचे संगीतकार आणि नायकही तेच. शास्त्रदृष्ट्या त्या आक्षेपात तथ्य होते. पण श्रोत्यांनी तो मागितला नव्हता. एका कचेरीत निर्णय झाला आणि साऱ्या देशाच्या रेडिओवर एक वाद्य सुमारे तीस वर्षे मुके राहिले. कार्यक्रमांची निवड कोणी करावयाची, हा ब्रिटनमधील रीथच्या मनातला प्रश्न येथे असा प्रत्यक्ष रूपाने उभा राहिला.

दुपारी काटा सहसा विसावा घेई. ब्रिटनमधील कारखान्यांसाठी त्या वेळी वाद्यवृंद वाजत असला, तरी कोल्हापुरातील दुकानदाराला, सोनाराला अथवा गूळबाजारातील अडत्याला तशी काही सोय नव्हती. यंत्र महाग होते आणि बॅटरी जपून वापरावी लागे. म्हणून ऐकण्याची वेळ मुख्यतः दिवेलागणीनंतरची. आणि एका घरचे यंत्र हे बहुधा शेजारच्या चार घरांचेही असे. ब्रिटनमध्ये एक कुटुंब एका यंत्राभोवती बसे. इकडे एक आळी बसत असे, हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ऐकलेल्या गोष्टीवर तेथल्या तेथे बोलणे होई, न समजलेला शब्द कोणी तरी उलगडून सांगे आणि इंग्रजी बातमीचे मराठी भाषांतर तिच्या पाठोपाठ चाले.

सायंकाळी क्षितिज विस्तारत असे. ग्रामीण कार्यक्रमात हवामान आणि बाजारभाव, मग दिल्लीच्या बातम्या, मग संगीत अथवा श्रुतिका. काटा थोडा सरकविला की अन्य मुलूख लागत. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात १९४६ मध्ये पणजीचे केंद्र निघाले होते. दक्षिणेस कोलंबो होते. युद्धकाळात दोस्त सैन्यासाठी उभारलेली तेथील बलाढ्य यंत्रणा १९४९ मध्ये सिलोन सरकारकडे आली आणि पुढे तीच हिंदी चित्रपटगीतांचे माहेरघर बनली. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना आळा घातला, तेव्हा भारतातील श्रोत्याने तक्रारीचा अर्ज केला नाही. त्याने फक्त काटा फिरविला. त्याच वर्षी सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि तिने देश जिंकला. पाच वर्षांनी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, 'विविध भारती' सुरू करून सरकारने हा कौल मान्य केला. हार्मोनियमच्या बाबतीत श्रोता निरुपाय होता, चित्रपटगीतांच्या बाबतीत तो नव्हता. कारण दुसऱ्या वेळी त्याच्यापुढे दुसरे केंद्र होते.

आणि रात्री लंडन. लंडनच्या साम्राज्य-प्रक्षेपणाला १९ डिसेंबर १९३२ रोजी आरंभ झाला होता. तेथील रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात इकडील पहाटेचे अडीच. म्हणून परदेशासाठी निराळ्या वेळा ठरविलेल्या असत, आणि बिग बेनचे ठोके कोल्हापुरात सोयीच्या वेळी ऐकू येत. या ठोक्यांविषयी एक गंमतीची परंतु पूर्णपणे खरी गोष्ट आहे. घंटेजवळच्या ध्वनिग्राहकापासून कोल्हापूरपर्यंत सुमारे साडेचार हजार मैलांचे अंतर लहरी सेकंदाच्या चाळिसाव्या भागात, आकाशातील उड्यांमुळे फार तर किंचित अधिक वेळात, तोडतात. आवाज मात्र हवेतून सेकंदाला सुमारे अकराशे फूटच चालतो. म्हणून घंटेपासून शेदोनशे फूट खाली, मनोऱ्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या लंडनवासीयाच्या कानी तो ठोका पडण्यापूर्वीच रंकाळ्याकाठी यंत्रापुढे बसलेल्या मनुष्याने तो ऐकलेला असे.

या लंडनमध्ये कोल्हापूरच्या मुलखाचा स्वतःचा एक आवाजही होता. शिरोळ येथे १९१२ मध्ये जन्मलेल्या वेणू चितळे १९३४ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या आणि युद्ध सुरू झाल्यावर बी. बी. सी.च्या पौर्वात्य विभागात काम करू लागल्या. लंडनवर बाँबचा वर्षाव होत असताना तेथील गृहिणींना शिध्याच्या टंचाईत स्वयंपाक कसा साधावा हे सांगणाऱ्या 'किचन फ्रंट' या कार्यक्रमातही त्यांचा सहभाग होता. १९४२ मध्ये बी. बी. सी.ने मराठी प्रक्षेपण सुरू केले; ते १९५८ पर्यंत चालले. त्या काळी या विभागात जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज लेखक युद्धाच्या घडामोडींवर साप्ताहिक समालोचने लिहीत असे, आणि त्यांची मराठी, गुजराती, बंगाली, तामीळ अशा भाषांत रूपांतरे होत. मराठी वार्तापत्राशी चितळे यांचा निकट संबंध होता. ऑर्वेलने संपादिलेल्या 'व्हॉइस' या नभोवाणीवरील साहित्यपत्रिकेतही त्या वाचन करीत. १९४२ सालच्या तिच्या एका प्रसंगाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे, त्यात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, ऊना मार्सन यांच्याबरोबर त्या बसलेल्या दिसतात. पुढे मायदेशी परतल्यावर १९५० मध्ये त्यांची 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली.

तथापि या आवाजाकडे केवळ अभिमानाने पाहून भागत नाही. तो ज्या सरकारच्या वतीने येत होता, त्याच सरकारने १९४२ च्या ऑगस्टमध्ये हिंदुस्थानच्या नेत्यांना तुरुंगात टाकले होते. ऑर्वेलला स्वतःलाच आपल्या श्रमाच्या उपयोगाविषयी शंका होती आणि १९४३ च्या नोव्हेंबरात, हे काम निष्फळ आहे अशा समजुतीने, तो ते सोडून गेला. दुसऱ्या बाजूने १९४२ च्या आरंभापासून जर्मनीतून सुभाषचंद्र बोस यांचा 'आझाद हिंद रेडिओ' बोलू लागला. त्याच्या भाषांत मराठीही होती. २७ ऑगस्ट १९४२ पासून १२ नोव्हेंबरपर्यंत मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटर लहरीवर 'काँग्रेस रेडिओ' गुप्तपणे चालविला. अशा रीतीने एकाच रात्री, एकाच काट्यावर, एकाच युद्धाची चार निरनिराळी वर्णने उपलब्ध होती. ब्रिटनमधील श्रोत्याचा आपल्या एका संस्थेवर विश्वास होता आणि तो बहुधा तिच्यावर विसंबून राही. इकडील श्रोत्याला ती चैन परवडण्यासारखी नव्हती. कोणी काय सांगितले, त्यापेक्षा कोणी काय वगळले, हे त्याला ताडून पाहावे लागे. पराभव कोण उशिरा कबूल करतो, कोणाचे आकडे दुसऱ्या दिवशी बदलतात, यांवरून तो आपला निर्णय करी. परतंत्र देशातील मनुष्याला श्रवणाचे हे शिक्षण असे अनायासे मिळाले.

मात्र बातमी वेगाने आली म्हणजे विवेकही त्याच वेगाने येतो, असे नाही. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी महात्मा गांधींच्या हत्येची वार्ता दिल्लीच्या नभोवाणीने दिली आणि त्याच रात्री जवाहरलाल नेहरूंचे शोकाकुल भाषण देशाने ऐकले. मारेकरी हिंदू आहे हे तातडीने सांगितले गेल्यामुळे मोठा जातीय अनर्थ टळला, असे मानले जाते. परंतु मारेकऱ्याचे नाव आणि जात कळल्यावर कोल्हापुरात आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांची जाळपोळ झाली, आणि भालजी पेंढारकर यांचा जयप्रभा स्टुडिओही तीत जळाला. शांत राहण्याचे आवाहन आणि सूडाला निमित्त देणारी माहिती, दोन्ही एकाच यंत्रातून आली होती. पहिले मानावे की दुसरीने पेटावे, हे यंत्राने ठरविले नाही, ऐकणाऱ्यांनी ठरविले.

पुढे कोल्हापूरचा मोठा वळसा कमी झाला. ८ जानेवारी १९५० रोजी धारवाडचे, २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्याचे आणि ६ ऑक्टोबर १९६३ रोजी सांगलीचे केंद्र सुरू झाले. पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीपासून 'गीतरामायण' दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षभर प्रसृत झाले, ग. दि. माडगूळकरांच्या छप्पन्न गीतांना चाली देणारे सुधीर फडके हे कोल्हापुरातच जन्मलेले. त्या वेळी घराघरांतील श्रोते ठरलेल्या घटकेला यंत्रापुढे बसत, आणि ब्रिटनमधील गुरुवारच्या रात्रीसारखा अनुभव मराठी मुलखाला प्रथमच आपल्या भाषेत मिळाला.

याहून कमी गाजलेला, पण अधिक दूरदर्शी असा एक प्रयोग १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात झाला. कॅनडातील शेतकरी-मंडळांच्या धर्तीवर, युनेस्कोच्या साह्याने, पुणे केंद्राने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत रेडिओ शेतकरी-मंडळे स्थापन केली. त्या पाच जिल्ह्यांत कोल्हापूर होते. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो संपल्यावर यंत्र बंद करून गावकरी त्यावर चर्चा करीत, आपले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवीत आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरे मिळत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीत असे आढळले की, जेथे मंडळ होते त्या गावांत शेतीविषयक ज्ञान लक्षणीय वाढले. जेथे मंडळ नव्हते तेथे, रेडिओ असूनही, ती वाढ अल्प होती. केवळ ऐकणे आणि ऐकून बोलणे यांतील अंतर या पाहणीने मोजून दाखविले.

ब्रिटनमधील दिवस समृद्ध होता, यात शंका नाही. पण तो वरून रचलेला होता. कोल्हापूरचा दिवस तुटक होता, खरखरीने भरलेला होता आणि त्यात उणिवा पुष्कळ होत्या. परंतु तो जुळविताना श्रोत्याला निवड करावी लागे, तुलना करावी लागे आणि शेजाऱ्याशी बोलावे लागे. पुढच्या काळात केंद्रे वाढली, आवाज स्वच्छ झाला, यंत्र खिशात मावू लागले आणि प्रत्येकाला आपल्या आवडीचेच ऐकण्याची मोकळीक मिळाली. या सुखसोयीत त्या जुन्या श्रोत्याचे दोन गुण मागे पडण्याचा संभव आहे. एक, न मागितलेले कानी पडले तर तेही ऐकून घेणे. आणि दुसरा, ऐकलेले खरे मानण्यापूर्वी काटा एकदा दुसरीकडे फिरवून पाहणे. नभोवाणीच्या पहिल्या पिढीने हे दोन्ही गुण गैरसोयीतून मिळविले होते. सोयीच्या काळात ते प्रयत्नाने राखावे लागतात.